भुरीला कुठली सुई

डॉक्टर बिराजदार वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या घालाल, आणि त्या घालायचा हक्क फक्त माझा आहे. मी हुसेनसाब, त्यांचा कंपाउंडर. भवानी पेठेतल्या त्यांच्या दवाखान्यात एकवीस वर्षं बाटल्या धुतल्या, पुड्या बांधल्या आणि बोलणी खाल्ली. माझं डोकं लवकर तापतं, पण तापलेलं डोकं घरी नेऊन लालबीपुढे थंड करायचं, हा माझा रिवाज होता. ती माझी बायको, तिला सवय होती.

तर गोष्ट चौतीस सालची. डॉक्टरांना परदेशी मासिकं वाचायचा नाद. गिरणीतल्या माणसांचा खोकला आणि पेठेतली हिवतापाची थंडी यांत त्यांचं मन रमत नव्हतं. त्या वर्षी त्यांनी कुठंतरी वाचलं आणि दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "हुसेनसाब, रक्ताला ओळख असते."

मी म्हटलं, "असते की. म्हणून तर भाऊबंद भांडतात."

ते हसले नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मला जितकं कळलं तितकं तुम्हाला सांगतो. अंगात परकं काही शिरलं की रक्त ते ओळखून ठेवतं आणि पुन्हा दिसलं की धरतं. त्या धरणाऱ्याला अँटिबॉडी म्हणायचं. हे सगळ्याच डॉक्टरांना ठाऊक होतं. आमच्या डॉक्टरांचा प्रश्न पुढचा होता. परकं किती बारीक असलं तरी रक्ताला ओळखू येतं? रंगाचा नुसता कण टोचला तर रक्त त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. पण तोच कण एखाद्या मोठ्या पदार्थाच्या पाठीवर बसवून टोचला, तर रक्त त्या कणालाही ओळखून ठेवतं, असं परदेशात कुणी दाखवलं होतं. मला ते लगेच पटलं. कारकून कचेरीच्या दारात एकटा उभा राहिला तर त्याला कोण विचारतो? तोच कलेक्टरच्या मोटारीतून उतरला की चपराशी त्याचं तोंड जन्मभर विसरत नाही.

रंगाला सोलापुरात काय तोटा. सूत रंगवायला बर्फात थंड करून चढवतात त्या रंगांतले दोन डॉक्टरांनी ओळखीच्या रंगखान्यातून आणले, एक लाल, एक पिवळा. मोठा पदार्थ म्हणून कासीम टांगेवाल्याच्या घोड्याचं थोडं रक्त काढलं आणि त्यातलं निवळ पाणी घेतलं. रंग त्याला चिकटवून शेळ्यांना टोचायचा. तपासताना मात्र तोच रंग अंड्याच्या पांढऱ्याला चिकटवून घ्यायचा. म्हणजे शेळीच्या रक्तानं काही धरलं, तर ते घोड्यामुळं नाही, रंगामुळंच. आता डॉक्टर पक्के लिंगायत, घरात त्यांची बायको गिरिजाबाई अंड्याचं नावसुद्धा घेऊ देत नसत. तेव्हा अंडी मी टोपीखाली लपवून मागच्या दारानं आणायची, मीच फोडायची, आणि डॉक्टरांनी तोंड फिरवून विचारायचं, "झालं का?" शास्त्रासाठी चालतं म्हणे. मग तोंड का फिरवायचं, ते मी विचारलं नाही.

शेळ्या आल्या वळसंगहून, केराबाईच्या. केराबाई धनगराची, विधवा, बोलायला तिखट. आठ शेळ्या घेऊन ती दवाखान्यामागच्या पडवीत राहायला आली. चारा डॉक्टरांचा, दूध तिचं. येण्याआधी तिनं एकच विचारलं, "जीवाला काय व्हनार न्हाय न्हवं?"

डॉक्टरांनी टेबलावर हात ठेवला. "केराबाई, सुईभर औषध आणि थेंबभर रक्त. एकही शेळी मरणार नाही. माझा शब्द."

हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला. टेबलाच्या या बाजूला मी होतो, त्या बाजूला ती.

आठांतली भुरी तिची सगळ्यांत लाडकी. केराबाईच्या सुनेला बाळंतपणात दूध आलं नाही, तेव्हा नात भुरीच्या दुधावर वाचली होती. केराबाई तिच्याशी बोलायची, भांडायची, तिच्यावर रुसायचीसुद्धा. डॉक्टरांना ते आवडत नसे. वहीत त्यांनी शेळ्यांना आकडे दिले होते, लाल एक ते चार, पिवळी एक ते चार. मी एकदा वहीत नावं लिहू का विचारलं, तर म्हणाले, "नाव आलं की माया येते, हुसेनसाब. आणि माया आली की निष्कर्ष बिघडतो." वाक्य चांगलं होतं. त्यांनी ते दोनदा म्हटलं.

कुठली शेळी लाल आणि कुठली पिवळी हे कळावं म्हणून त्यांनी गळ्यात चिंध्या बांधल्या. शेळ्यांनी एकमेकींच्या चिंध्या खाऊन टाकल्या. शेळीबद्दल ज्याला काहीही ठाऊक असेल त्यानं हे आधी सांगितलं असतं, पण विचारतो कोण. मग त्यांनी पाठीवर त्याच रंगांचे तळहाताएवढे पट्टे ओढले. "सोलापूरचा पक्का रंग आहे," ते म्हणाले. "शेळी मरेल, रंग जाणार नाही."

दर आठवड्याला सुई. शेळ्या मी धरायच्या, टोचायचं त्यांनी. तिसऱ्या आठवड्याला भुरीनं माझ्या नडगीवर अशी लाथ हाणली की सुई निसटली आणि लाल औषध माझ्या सदऱ्यावर सांडलं. लालबीनं तो सदरा साबणानं धुतला, रिठ्यानं धुतला, उन्हात टाकला. शेवटी म्हणाली, "ये दाग नै जाता जी, तुमीच जाव." लाथ आणि डाग, दोन्ही मला पाठ झाले.

दिवाळीला आठवडा राहिला असताना मुंबईहून पत्र आलं. तिथल्या एका मोठ्या संस्थेतले साहेब डॉक्टरांचे गुरू. डॉक्टरांनी तपासणी व्हायच्या आधीच त्यांना कळवून टाकलं होतं की निकाल नक्की येणार. साहेबांनी उलट लिहिलं, निकाल बरोबर आला तर लाल शेळ्यांचं रक्तजल, म्हणजे रक्तातलं निवळ पाणी, भरपूर पाठवा, पंधरा दिवसांत, मी स्वतः पाहीन, मग तुमचा लेख विलायतेला पाठवू. थोडं थोडं रक्त काढलं असतं तर तेवढं जमायला दोन महिने लागले असते. डॉक्टरांनी हिशेब केला आणि पडवीत जाऊन केराबाईला सांगितलं की पाडव्यानंतर तपासणी झाली की लाल पट्ट्याच्या चार शेळ्यांचं सगळं रक्त काढावं लागेल.

"सगळं म्हंजी?" केराबाई म्हणाली.

"म्हणजे त्या राहणार नाहीत. पण तुझं नुकसान करणार नाही. चार शेळ्यांच्या बदल्यात चार शेळ्या. वैरागच्या बाजारातून चांगल्या निवडून आणतो. शेळीला शेळी."

"त्या शेळ्या असतील," केराबाई म्हणाली. "ही भुरी हाय. गाभण हाय ती."

डॉक्टरांनी खिशातून वही काढली. "ही लाल तीन," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात वाईटपणा अजिबात नव्हता, उलट समजूत घालत होते.  केराबाईनं माझ्याकडं बघितलं आणि मी खाली बघितलं, कारण मला पगार होता.

पाडव्याच्या सकाळी डॉक्टर स्नान करून, नवं धोतर नेसून पडवीत आले आणि जागच्या जागी उभे राहिले. आठही शेळ्यांचे केस कातरलेले होते. न्हाऊ घातलेलं, शिंगांना गेरू, कपाळाला भंडारा, आणि प्रत्येकीच्या दोन्ही कुशींवर गेरूचे सारखे ठसे. पक्का रंग धुऊन गेला नव्हता, तो केसांसकट कातरून कोपऱ्यात ढीग होऊन पडला होता. केराबाई त्याच केसांची दोरी वळत बसली होती.

"हे काय केलंस?" डॉक्टरांचा आवाज चिरकला.

"पाडवा हाय की. पाडव्याला जनावर कातरायचं, धुवायचं, रंगवायचं. आमच्यात तसंच असतंय. तुमी न्हाय का आंगूळ केली?"

डॉक्टर मटकन ओट्यावर बसले. दोन महिन्यांची सुई, बर्फ, घोडा, अंडी, सगळं गेलं. कुठली लाल, कुठली पिवळी, वहीत आकडे होते पण शेळ्यांवर काहीच नव्हतं. मला खरंच वाईट वाटलं. राग यावा तर त्यांचे डोळे भरलेले.

केराबाईनं दोरी खाली ठेवली. "अवो डाक्टर, मला इचारा की. कुणाला कंची सुई दिली ते मला सगळं ठावं हाय. मी काय आंधळी हाय?"

आता इथं दुसरा कुणी असता तर विचारून मोकळा झाला असता. पण आमचे डॉक्टर शास्त्रज्ञ. आधी साक्षीदार तपासायचा. त्यांनी आधी आठही शेळ्यांची नावं आणि अंगावरच्या खुणा केराबाईकडून वहीत लिहून घेतल्या, मग तिला भिंतीपलीकडे पाठ करून उभं केलं. इकडे मी एकेका शेळीचा कान हलकेच पिळायचा, शेळी ओरडायची, आणि केराबाईनं नाव सांगायचं. भुरी, बांडी, मोरी, चांदी, सगळ्या एकापाठोपाठ. क्रम बदलून तीन वेळा केलं. चोवीसपैकी चोवीस. एकदा तर पलीकडून आवाज आला, "तिचा डावा कान सोडा हो साबभाऊ, तितं तिला फोड हाय." डॉक्टर थरारले. वहीत लिहिलं, साक्षीदाराची ओळखशक्ती निर्दोष.

मग तिनं सांगितलं. मोरी लाल. चांदी लाल. तिसऱ्या शेळीवर मी दम धरला. "भुरी पिवळी," केराबाई म्हणाली, आणि बांडीपाशी आल्यावर, "ही लाल." बांडी म्हातारी, दुधाला आटलेली, आणि पहिल्या दिवसापासून पिवळी.

मला ठाऊक होतं. माझ्या नडगीला ठाऊक होतं. डॉक्टरांना मात्र लाल तीन म्हणजेच भुरी हे आठवलं नाही, नावं त्यांनी पाडव्यापर्यंत कानाआडच केली होती. मी सुई उकळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तपासणी. प्रत्येक शेळीचं थोडं रक्त, त्यातलं निवळ पाणी, आणि प्रत्येकीला दोन बारीक नळ्या. एकीत लाल अंडं, एकीत पिवळं. धरणारं काही असेल तर नळीच्या तळाला साका बसणार, नसेल तर पाणी निवळ राहणार. दुपारपर्यंत सोळा नळ्या बोलल्या. काय सांगू, बघायला सुंदर होतं. प्रत्येक शेळीच्या दोन नळ्यांतली एक गढूळ, एक काचेसारखी. एवढासा रंग, आणि रक्त तो बरोबर उचलत होतं. फक्त भुरीनं लाल धरला होता आणि बांडीनं पिवळा.

डॉक्टरांनी पहिल्यांदा मला धरलं. "नळ्या बदलल्यात."

इतक्या वर्षांत मी एक बाटली चुकवली नव्हती. डोकं असं तापलं की तोंडावर आलेलं खरं दातांत धरलं. पुन्हा रक्त काढलं, या वेळी नळ्या त्यांनी स्वतः लावल्या. तेच. तिसऱ्यांदा, तेच. आता दोनच गोष्टी उरल्या, एकतर रक्त चुकत होतं नाहीतर केराबाई.

त्यांनी केराबाईला विचारलं. ती म्हणाली, "म्या सांगितलं ते सांगितलं. भुरीला पिवळीच दिली." तिच्या हातात भुरीची दोरी होती आणि भुरी डॉक्टरांच्या नव्या धोतराचं टोक चघळत होती.

मी दाराशी उभा राहून मनात म्हणत होतो, या माणसानं आता तिला भंडारा उचलायला सांगू नये. धनगराची बाई कशावरही खोटं बोलेल, भंडाऱ्यावर नाही. आणि भंडारा तिथंच होता, भुरीच्या कपाळावर. मलाही वाटलं असेल सांगावं त्यांना. पण शपथ म्हणजे पुरावा नव्हे, असं डॉक्टरांचं मत, आणि त्यांनी ते मत त्याही दिवशी पाळलं.

मग ते माझ्याकडं वळले. "हुसेनसाब, सुया देताना तुम्ही धरत होता. भुरीला कुठली सुई दिली, आठवतं?"

पहिल्यांदा त्यांनी तिचं नाव घेतलं होतं. मी बघितलं, त्यांचं तोंड उतरलं होतं, दोन रात्री झोप नव्हती. एका शब्दात त्यांचं काम उभं राहिलं असतं. लेख विलायतेला गेला असता. आणि भुरी संध्याकाळी रक्त काढायला ओट्यावर असती, पोटातल्यासकट. केराबाई माझ्याकडं बघत नव्हती. तिनं मला काही सांगितलंही नव्हतं, विनवलंही नव्हतं. ते बरं झालं, विनवलं असतं तर मी कदाचित खरं बोललो असतो.

"साहेब," मी म्हटलं, "मला सगळ्या शेळ्या सारख्याच दिसतात."

डॉक्टरांनी नळ्या एकेक करून पुन्हा उजेडात धरल्या. मग म्हणाले, "बाईची ओळख मी स्वतः तपासली आहे, चोवीसपैकी चोवीस. रक्तच चुकतंय. आठांत दोन चुका म्हणजे ओळख नव्हे, योगायोग." त्यांनी मुंबईला लिहून टाकलं की परिणाम विसंगत, रक्तजल पाठवण्यात अर्थ नाही. शेळ्यांचं रक्त काढायचं कारण उरलं नाही. आठही शेळ्या वाचल्या, म्हातारी बांडीसुद्धा.

केराबाई वळसंगला निघाली तेव्हा मी तिला वेशीपर्यंत सोडायला गेलो. ती आपणहून म्हणाली, "साबभाऊ, भंडारा उचल म्हनले असते तर म्या खरं सांगितलं असतं बगा."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "आणि बांडीला मारत होतीस त्याचं काय?"

"ती तशी बी या सालात जानारच व्हती," ती म्हणाली आणि बांडीच्या पाठीवर हात ठेवला. "वाईट वाटलंच की मला."

डॉक्टरांनी मासिकं मागवणं बंद केलं. खोकला आणि हिवताप तपासत राहिले. वाईट गोष्ट अशी की त्यामुळं ते डॉक्टर म्हणून चांगले झाले, पेशंटचं ऐकून घ्यायला लागले. मला मात्र त्यांच्यासमोर मान वर करायला जड जायचं. मी दर शुक्रवारी ठरवायचो, आज सांगतो. शनिवारी दवाखान्यात गर्दी असायची.

चार वर्षं गेली. त्या डागाचा सदरा फाटला तेव्हा लालबीनं त्याची फडकी केली आणि मी ती बाटल्या पुसायला नेली. एका दुपारी डॉक्टरांनी हात पुसायला एक उचललं आणि खिडकीपाशी नेऊन धरलं.

"हा माझा लाल," ते म्हणाले. आपला रंग त्यांना ओळखू येणारच. "हा तुमच्याकडं कुठून?"

मी बाटलीत डोकं घालून होतो. विचार न करता बोलून गेलो, "भुरीनं लाथ मारली होती ना, तेव्हा सांडलं."

बोललो आणि जीभ चावली.  मग त्यांनी कपाटाच्या तळातून ती जुनी वही काढली, पानं उलटली, पेन्सिल घेतली. भुरीपुढचं पिवळं खोडून लाल केलं. बांडीपुढचं लाल खोडून पिवळं केलं. आणि मला शपथेवर सांगायला हरकत नाही, त्या माणसाच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की मी तो त्यांच्या मुलीच्या लग्नातही बघितला नव्हता.

"आठपैकी आठ, हुसेनसाब," ते म्हणाले. "रक्त चुकलंच नव्हतं."

आता हे कुणाला लिहिणार? पुरावा एक फडकं, आणि साक्षीदार दोन, दोघंही खोटे ठरलेले. त्यांनाही ते हळूहळू कळलं असावं, कारण आनंद उतरत गेला. मला वाटलं, आता माझी नोकरी जाणार. पण ते रागावले नाहीत. खरोखर न कळल्यासारखं त्यांनी विचारलं, "त्या बाईनं खोटं का सांगितलं? मी तिला चार शेळ्या देणार होतो. चांगल्या."

चार वर्षं दाबून ठेवलेलं डोकं तेव्हा तापलं. "तुम्ही तिला शब्द दिला होता, साहेब. एकही मरणार नाही म्हणून. याच टेबलावर हात ठेवून."

"मी?" ते म्हणाले. "कधी?"

मी त्यांच्याकडं बघितलं. ते थट्टा करत नव्हते. त्यांनी वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला घेतली. श्रावणातली पानं, प्रत्येक शेळीचा ताप, प्रत्येक सुईचे थेंब, बर्फ किती, अंडी किती, सगळं सुरेख अक्षरात. बोट ओळीओळीवरून फिरत होतं. शेवटच्या पानाशी येऊन ते थांबले, चष्मा काढला आणि पुसला.

"इथं तर नोंद नाही," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि राहिलेल्या बाटल्या पुसायला लागलो.